विद्यापीठाला नको असलेली दोन वर्षं

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला क्युपर्टिनो-सनीव्हेलच्या पट्ट्यात मराठी घरं भरपूर. तिथल्या एखाद्या घरातली मुलगी डी अँझा कॉलेजला जाते असं कळलं की पुण्याहून फोनवर हटकून प्रश्न येतो, ‘कम्युनिटी कॉलेज म्हणजे? कुठल्या कम्युनिटीचं?’ आपल्याकडे हा शब्द जातीसाठी इतका रुळलाय की आत्याबाईंना हसूही नये. मग आई समजावते. इथे दोन वर्षं करायची, आणि मार्क चांगले पडले तर बर्कली विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. पलीकडे क्षणभर शांतता. ‘म्हणजे आपल्याकडे डिप्लोमा झाल्यावर थेट सेकंड इयरला घेतात, तसं?’

बरंचसं तसंच. पण आपला डिप्लोमा हा मुळात वेगळा अभ्यासक्रम आहे. कॅलिफोर्नियातली ही दोन वर्षं मुळात विद्यापीठाचीच होती. विद्यापीठांच्या धुरिणांना ती नकोशी झाली होती, म्हणून ती बाहेर काढायचं ठरलं. आज कॉलेजातून विद्यापीठात जायच्या, म्हणजे ट्रान्स्फरच्या, वाटेवर जे काही चांगलं-वाईट दिसतं, त्याची बरीचशी मुळं या नकोसेपणात आहेत.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठप्रमुखांना जर्मनीनं भुरळ घातली होती. तिथे प्राथमिक मशागत शाळाच करायची आणि विद्यापीठ फक्त संशोधन, विद्वत्ता वगैरे. मिशिगनचे हेन्री टॅपन १८५०च्या दशकातच म्हणत होते की पहिली दोन वर्षं म्हणजे शाळेचंच काम, ते शाळांनीच करावं. हे प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न केला शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी. विद्यापीठ १८९२ला उघडलं आणि पदवीच्या चार वर्षांचे त्यांनी सरळ दोन तुकडे केले. १८९६पासून त्यांना ज्युनिअर कॉलेज आणि सीनिअर कॉलेज म्हणू लागले. ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हटल्यावर आपल्याला अकरावी-बारावी आठवते, इथे अर्थ वेगळा आहे. १९००च्या सुमाराला शिकागोनं दोन वर्षांनंतर ‘असोसिएट’ ही छोटी पदवीही द्यायला सुरुवात केली. हार्पर यांचा हिशेब स्वच्छ होता. ज्यांना पुढे झेपणार नाही त्यांना इथेच मान राखून थांबता यावं. हातात कागद देऊन निरोप, असंही म्हणता येईल.

शिकागोपासून जवळच जोलिएट नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन हे हार्पर यांच्या विचारांचे. त्यांनी १९०१मध्ये हायस्कूलच्याच इमारतीत बारावीनंतरचे वर्ग सुरू केले. पहिल्या वर्षी विद्यार्थी सहा. जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही चालू आहे आणि देशातलं सर्वांत जुनं सरकारी दोन वर्षांचं कॉलेज म्हणून ओळखलं जातं.

कॅलिफोर्नियात या कल्पनेचे वकील होते बर्कलीचे अलेक्सिस लँग आणि स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टार जॉर्डन. दोघांनाही पहिल्या दोन वर्षांचं ओझं उतरवायचं होतं. १९०७मध्ये अँथनी कॅमिनेटी या सिनेटरनं कायदा करून घेतला: हायस्कूलांना हवं तर विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांइतका अभ्यासक्रम शिकवावा. त्याचा पहिला फायदा १९१०मध्ये फ्रेस्नोनं उठवला. फ्रेस्नो म्हणजे आपल्या तासगावसारखं द्राक्ष-बेदाण्याचं गाव, पण बर्कलीपासून दीडशे मैलांहून लांब. द्राक्षबागायतदाराला पोरगं एवढ्या लांब, खोली घेऊन ठेवणं परवडणारं नव्हतं. विद्वानांना ओझं उतरवायचं होतं आणि बागायतदाराला खर्च वाचवायचा होता. दोघांचं जुळलं.

पुढचे कायदे पैशांचे आहेत. १९१७मध्ये अशा वर्गांना राज्याचा आणि कौंटीचा निधी मिळाला, १९२१मध्ये हायस्कूलपासून वेगळे, स्वतंत्र कॉलेज-जिल्हे काढायची मुभा मिळाली. इथून कॉलेजं झपाट्यानं वाढली.

आणि इथेच गंमत झाली. लँग आणि जॉर्डन यांची योजना पूर्ण झाली असती, तर सगळीच मुलं गावातल्या कॉलेजात दोन वर्षं काढून मग विद्यापीठात आली असती. ट्रान्स्फर हा शब्दच लागला नसता. पण आपली पहिली दोन वर्षं खरोखर सोडून द्यायला ना बर्कली तयार झालं, ना स्टॅनफर्ड. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दोन तऱ्हेची मुलं येऊन बसू लागली, पहिल्यापासूनची ‘आपली’ आणि बाहेरून आलेली. योजना अर्धवट राहिली, आणि त्या अर्धवटपणालाच आपण आज ट्रान्स्फर म्हणतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर गणित बदललं. १९४४च्या कायद्यानं परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला आणि कॉलेजं ओसंडून वाहू लागली. १९४७मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं गावोगावी, घरापासून जाण्या-येण्याच्या अंतरावर, फी नसलेली दोन वर्षांची कॉलेजं काढा अशी शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं ते या अहवालामुळे. कम्युनिटी म्हणजे गाव, पंचक्रोशी. आत्याबाईंच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे आहे.

मग आलं १९६०. कॅलिफोर्नियात लोकसंख्या भडकलेली, युद्धानंतर जन्मलेली पिढी कॉलेजच्या दारात येऊन ठेपलेली, आणि प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघात विद्यापीठ हवं होतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजे यूसीचे (बर्कली हा तिचाच एक कॅम्पस), अध्यक्ष क्लार्क केर यांनी पुढाकार घेतला. ऑक्सिडेंटल कॉलेजचे आर्थर कून्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि ‘मास्टर प्लॅन’ तयार झाला. विधानसभेत तो पुढे रेटणाऱ्या बेकर्सफील्डच्या डोरोथी डोनाहो मंजुरीच्या जेमतेम काही दिवस आधी वारल्या. कायद्याला त्यांचं नाव दिलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केर ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. शिक्षणाच्या नियोजनासाठी मुखपृष्ठ मिळण्याचे दिवस होते ते.

योजनेची वाटणी अशी: हायस्कूलमधल्या वरच्या १२.५ टक्के मुलांना यूसी, वरच्या एकतृतीयांशांना स्टेट कॉलेजं, आणि उरलेल्या सगळ्यांना, ज्याला शिकायचंय त्याला, ज्युनिअर कॉलेज. शिकवणीची फी नाही. सर्वांना दार उघडं ठेवणारा हा प्लॅन म्हणून त्याची आजही आरती ओवाळली जाते. पण आकडे आधीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. त्यापूर्वी यूसी साधारण वरच्या १५ टक्क्यांना घेत असे आणि स्टेट कॉलेजं जवळपास निम्म्यांना. म्हणजे प्लॅननं वरची दारं अरुंद केली आणि गर्दी खालच्या दाराकडे वळवली. ते दार स्वस्त होतं, जागा बांधायला सोपी होती. हार्पर यांचाच जुना विचार, फक्त यावेळी कायद्याच्या भाषेत.

मात्र गर्दी वळवायची तर तिला पुढची वाट दाखवावी लागते, नाहीतर कोण वळेल? म्हणून प्लॅनमध्ये एक कलम आलं, आणि माझ्या मते संपूर्ण दस्तऐवजातलं तेच सर्वांत महत्त्वाचं. विद्यापीठात वरच्या दोन वर्षांचे विद्यार्थी ६० टक्के आणि खालच्या दोन वर्षांचे ४० टक्के असावेत. हे प्रमाण गाठायचं, तर तिसऱ्या वर्षाला बाहेरून मुलं घ्यावीच लागतात. ट्रान्स्फर हा कुणाच्या मेहेरबानीचा मामला न राहता विद्यापीठाच्या हिशेबात शिरला तो या वाक्यानं.

त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञानं नाण्याची दुसरी बाजू दाखवली. त्यांनी सॅन होजेचं ज्युनिअर कॉलेज आतून अभ्यासलं होतं. तिथे आलेली बहुतेक मुलं म्हणायची की आम्हाला पुढे विद्यापीठात जायचंय. प्रत्यक्षात त्यातली बरीच जात नसत. त्यांना ‘नाही’ असं तोंडावर कुणीच म्हणत नसे. आधी प्रवेशपूर्व चाचणी, मग समुपदेशकाशी बोलणं, मग एक ओळखवर्ग, मग पुन्हा समुपदेशक. प्रत्येक टप्प्यावर मुलाला त्याचे मार्क दाखवायचे आणि हळूहळू एखाद्या धंदेशिक्षणाकडे वळवायचं, म्हणजे निर्णय त्याचा त्यालाच घेतल्यासारखा वाटतो. क्लार्क यांनी याला ठकांच्या बोलीतला शब्द वापरला, ‘थंड करणं’. गंडवलेल्या माणसानं बोंब मारू नये म्हणून ठकांचा एक साथीदार मागे थांबून त्याची समजूत काढतो, ते थंड करणं.

हा शब्द या कॉलेजांना पुढची साठ वर्षं चिकटला आणि तो पूर्णपणे अन्यायाचा होता असं म्हणवत नाही.

१९७८मध्ये प्रपोझिशन १३ नावाच्या सार्वमतानं घरपट्टीवर मर्यादा आली. कॉलेजांचा मुख्य आधार स्थानिक घरपट्टीच होती, त्यामुळे तिजोरीची किल्ली राजधानी सॅक्रामेंटोकडे, म्हणजे राज्य सरकारकडे गेली. १९८४मध्ये पहिल्यांदा राज्यभर फी लागली, एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ५ डॉलर. आज ती ४६ डॉलर आहे, म्हणजे वर्षाचे ३० युनिट घेतले तर १,३८० डॉलर, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना तीही माफ होते. यूसीची वर्षाची फी याच्या दहापट. हा दर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी. पुण्या-नाशिकहून विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला त्याच बाकावर बसायला कित्येक पट मोजावे लागतात.

पैशाचं गणित सुटलं तरी कागदाचं उरतं. कॉलेजात शिकलेलं कॅल्क्युलस विद्यापीठाच्या कॅल्क्युलसइतकं आहे, हे ठरवणार कोण? राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं, यूसीचे पदवी देणारे नऊ कॅम्पस आणि त्यातला प्रत्येक विभाग आपापला राजा. या जुळवणीला ‘आर्टिक्युलेशन’ म्हणतात. १९८५पासून ‘असिस्ट’ नावाची व्यवस्था हे करार एका जागी ठेवते. पडद्यावर दोन रकाने दिसतात. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात कॉलेजचा चालणारा विषय. कुठे एकाला एक, कुठे विद्यापीठाच्या एका विषयासाठी कॉलेजचे दोन, कारण डी अँझाचं वर्ष तिमाहीत चालतं आणि बर्कलीचं सहामाहीत. आणि अधूनमधून उजव्या रकान्यात एकच ओळ: ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’. म्हणजे हा विषय तुमच्या कॉलेजात नाही, तुमचं तुम्ही बघा. सामान्य विषयांसाठी १९९१मध्ये सगळ्यांनी मिळून एकच यादी केली, तिची जागा आता २०२५पासून नव्या यादीनं घेतली आहे. पण मुख्य विषयाचे रकाने ज्याचे त्याचेच राहिले.

हमीचीही अशीच तऱ्हा. यूसीचे सहा कॅम्पस ठरावीक अटी पूर्ण केल्या तर लेखी हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली आणि लॉस एंजेलिसचं यूसीएलए देत नाहीत. सॅन डिएगो देत असे, तेही थांबलं. जिथे जायला सर्वांत जास्त मुलं धडपडतात, तिथेच हमी नाही.

२०१०मध्ये राज्यानं जरा जोर लावला. ठरावीक ६० युनिटांची नवी असोसिएट पदवी काढली, आणि ती घेणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे पूर्वीच्या स्टेट कॉलेजांत, जागा नक्की केली. त्या कायद्यावर सही केली राज्यपाल आर्नल्ड श्वार्झनेगर यांनी, जे स्वतः ऑस्ट्रियाहून आल्यावर सँटा मोनिका कॉलेजात वर्ग करून पुढे गेले होते. यूसीवर मात्र कायदा सक्ती करू शकला नाही. १८७९च्या राज्यघटनेनं यूसीला स्वायत्तता दिली आहे, विधिमंडळ तिला फार तर पैशानं वाकवू शकतं. तसं झालंही: २०१५च्या वाटाघाटीत यूसीनं पहिल्या वर्षाला घेतलेल्या दर दोन मुलांमागे एक ट्रान्स्फर घ्यायचं कबूल केलं. ६०-४०च्या जुन्या कलमाचाच हा नवा अवतार.

आज यूसीत बदली घेऊन येणाऱ्या दर दहांतले नऊ जण राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजातलेच असतात. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक डी अँझातून बर्कलीला गेले होते, हे तिथला प्रत्येक समुपदेशक सांगतो. दुसरा आकडा मात्र कुणी आपणहून सांगत नाही. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४मध्ये दाखवलं की २०१७ ते २०१९मध्ये ट्रान्स्फरच्या इराद्यानं आलेल्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष गेले ते पाचातला जेमतेम एक. यातले बरेच जण पूर्वी गणितातच अडकत. चाचणीत कमी पडलं की विद्यापीठात न मोजला जाणारा पायाभूत वर्ग, त्यात पास झालं की तसाच आणखी एक वर्ग, आणि तोवर पोरगं नोकरीला लागलेलं. २०१७च्या एका कायद्यानं ही साखळी बरीचशी तोडली आणि मुलांना थेट विद्यापीठात मोजल्या जाणाऱ्या वर्गात बसवायला लावलं. क्लार्क यांनी सॅन होजेत पाहिलेली चाचणी जवळपास साठ वर्षांनी हटली.

खासगी विद्यापीठांची कथा छोटी आहे, कारण त्यांना असला हिशेब कधी बांधीलच नव्हता. प्रिन्स्टननं १९९०मध्ये ट्रान्स्फर सरळ बंद केलं आणि २०१८मध्ये पुन्हा सुरू करताना कम्युनिटी कॉलेजातल्या आणि सैन्यातून आलेल्या मुलांकडे मुद्दाम लक्ष दिलं. जागा मूठभर.

सनीव्हेलच्या त्या स्वयंपाकघरात नोव्हेंबर संपत आलाय, यूसीच्या अर्जाची मुदत तोंडावर. ओट्यावर असिस्टच्या पानांचे प्रिंट, त्यांवर चहाच्या कपाचे गोल डाग. मुलीनं उजव्या रकान्यातली एकच ओळ हायलाइटरनं पिवळी केली आहे. तो विषय तिच्या कॉलेजात नाही, पण अर्ध्या तासावरच्या दुसऱ्या कॉलेजात मंगळवारी संध्याकाळी आहे. तिथलं वेगळं नावनोंदणीचं पान तिनं उघडलंय आणि आईला विचारते आहे की मंगळवारी गाडी मिळेल का.