लासाची भावकी

जानेवारी १९६९. ईशान्य नायजेरियातल्या लासा गावच्या मिशन दवाखान्यात लॉरा वाइन ही परिचारिका तापाने पडली. विमानाने जोसला हलवलं, पण ती वाचली नाही. तिची शुश्रूषा करणारी शार्लट शॉ ही परिचारिकाही गेली. तिसरी, पेनी पिनिओ, न्यूयॉर्कला नेल्यावर कशीबशी बरी झाली. या रुग्णांच्या रक्तावर येल विद्यापीठात काम करणारे जोर्डी कासाल्स स्वतःच आजारी पडले. बऱ्या झालेल्या पिनिओच्या रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांमुळे ते बचावले, पण येलमधला एक तंत्रज्ञ त्याच वर्षी दगावला. येलने जिवंत विषाणूवरचं काम बंद केलं. या तापाच्या विषाणूला लासा हे गावाचं नाव चिकटलं ते कायमचंच.

तो येतो कुठून, याचं उत्तर १९७२च्या साथीत सिएरा लिओनमध्ये मिळालं. घरात, शेतात सगळीकडे वावरणारा मॅस्टोमिस नावाचा उंदीर. मादीला सडांच्या आठ-बारा जोड्या, त्यामुळे पिल्लं पोसायची ताकद अफाट. मुंबईच्या प्लेगच्या आठवणींमुळे आपल्याकडे ‘उंदीर पडला’ म्हटलं की आजही पोटात गोळा येतो, पण लासाचा मामला अगदी वेगळा. इथे उंदीर पडत नाही. विषाणू अंगात घेऊन तो मजेत हिंडतो आणि मुतातून विषाणू सांडत राहतो. पिसवांची मध्यस्थी लागत नाही. उघडं धान्य, घरातली धूळ, काही भागांत तर खाण्यासाठी सोललेला उंदीर, एवढं पुरतं.

एक रोग, एक विषाणू, एक उंदीर असं सुटसुटीत चित्र तयार झालं आणि लगेच विस्कटायला लागलं. १९७७मध्ये मोझांबिकमधल्या मॅस्टोमिसमध्ये लासाचा जवळचा नातेवाईक सापडला, मोपेया. माणसाला तो आजारी पाडत असल्याचं दिसलं नाही. पुढे त्याचा आणि लासाचा जनुकीय संकर करून लशीचा एक उमेदवारही बनवला गेला. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात इप्पी आणि मोबाला हे याच भावकीतले विषाणू निघाले, तेही दुसऱ्याच जातींच्या उंदरांत. ही नावं बहुतेक गावांची, नद्यांची. त्यामुळे यादी वाचताना रेल्वेचं वेळापत्रक चाळल्यासारखं वाटतं.

खरा घोळ उंदराच्या ओळखीचा होता. मॅस्टोमिसच्या जाती दिसायला इतक्या सारख्या की हातात धरून सांगता येत नाही. गुणसूत्रं मोजावी लागतात, एकीत बत्तीस, दुसरीत अडतीस. त्यामुळे जुन्या नोंदींत ‘मॅस्टोमिस’ लिहिलंय तिथे नेमका कोणता, हा प्रश्न उरतोच. २००६मध्ये गिनीतल्या अठरा ठिकाणच्या १,४८२ उंदरांची पीसीआर चाचणी झाली. प्राणी तेरा वंशांतले (जीनस), पण लासा निघाला तो फक्त मॅस्टोमिस नातालेन्सिस या एका जातीत, तीही डीएनएवरून पटवलेली. वाटलं, निकाल लागला. दहा वर्षांनी, २०१६मध्ये, नायजेरिया आणि गिनीत तो इतर जातींतही मिळाला.

  

मग सिक्वेन्सिंग, म्हणजे विषाणूची जनुकीय अक्षरं वाचणं, स्वस्त झालं आणि लासाच्या पोटातलीच विविधता बाहेर आली. या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती, दोन तुकड्यांत असतो. वेगवेगळ्या भागांतले नमुने शेजारी ठेवले तर मोठ्या तुकड्यात तीस टक्क्यांपर्यंत फरक दिसतो. सगळ्यात जुन्या शाखा नायजेरियातल्या. २०१५च्या एका विश्लेषणाने मूळ तिथलंच धरलं, साधारण हजार वर्षांपूर्वीचं. विषाणू पश्चिमेकडे सरकला तो नंतर. हा फरक म्हणजे डोकेदुखीच, कारण एका भागातल्या विषाणूवरून बेतलेली चाचणी दुसरीकडे हुकू शकते. पण २०१८मध्ये नायजेरियात रुग्ण अचानक वाढले तेव्हा हाच फरक कामी आला. रोग माणसाकडून माणसाकडे पसरतोय का, ही धास्ती होती. रुग्णांमधले विषाणू एकमेकांपासून इतके दूरचे निघाले की बहुतेकांना तो स्वतंत्रपणे उंदरांकडूनच मिळाला, हे स्पष्ट झालं.

मला यातली सगळ्यात मजेची कडी टांझानियाची वाटते. मोरोगोरोच्या कृषी विद्यापीठातली माणसं उंदरांमागे लागली होती ती मका वाचवण्यासाठी. शेतात ओळीने सापळे लावायचे, आत शेंगदाण्याचं लोणी कालवलेलं मक्याचं पीठ. सकाळी खटका पडलेला सापळा उचलायचा, उंदीर मोजायचा, रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवायचा. २००४मध्ये तिथे पकडलेल्या उंदरांत लासाच्या भावकीतला नवा विषाणू निघाला, मोरोगोरो. पुढे दोदोमाच्या वाटेवरच्या गैरो गावाच्या नावाचा आणखी एक. दोन्ही मॅस्टोमिस नातालेन्सिसमध्येच, पण या जातीच्या दोन पोटशाखा आहेत आणि प्रत्येकीचा विषाणू आपापला. एका अरुंद पट्ट्यात दोन्ही पोटशाखा भेटतात, त्यांची एकमेकांत पिल्लंही होतात. २०१७मध्ये छापलेल्या अभ्यासात असं दिसलं की विषाणूंची हद्दही त्याच पट्ट्यात येऊन थांबते. उंदीर सोयरीक करतात, विषाणू करत नाहीत.