पतंगदर्शन आणि मुलाची उड्डाणकल्पना

आकाशात चढलेला पतंग पाहताना लहान मुलाला होणारा आनंद आणि त्या पाहण्यातूनच ‘मी तिथे वर असतो तर’ अशी त्याच्या मनात आकार घेणारी कल्पना. पतंग उडवणे ही कला आहे. तिला वारा लागतो, हाताला सवय लागते आणि शिकेपर्यंत पुष्कळ पतंग फाटावे लागतात. पाहायला यांतले काहीच लागत नाही. म्हणून स्वतःच्या हाताने पतंग चढवता येण्याच्या कितीतरी आधी मूल पतंगाचे प्रेक्षक झालेले असते आणि पुष्कळदा उडवणाऱ्यापेक्षा त्याचीच मान जास्त वेळ वर असते.

वर पाहण्याजोगे आणखीही बरेच असते. पण पक्षी निघून जातो, हातातून सुटलेला फुगा परत येत नाही, विमान बोट दाखवेपर्यंत दिसेनासे होते. पतंग तेवढा एका ठिकाणी वर थांबतो आणि त्याच्या दोऱ्याचे दुसरे टोक जमिनीवर कोणाच्या तरी मुठीत असते. पतंगाकडे पाहून मुलाला मोकळे वाटते, असे मोठी माणसे सहज बोलून जातात. मुलाचे लक्ष मात्र बहुतेक वेळा दोऱ्यावर असते. वर गेलेली वस्तू कोणाच्या तरी हाताला बांधलेली आहे, म्हणूनच माणसाचा एक तुकडा वर गेल्यासारखा त्याला वाटतो.

नावे

‘पतंग’ हा शब्द संस्कृतातला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘पत्’ या धातूचे दोन अर्थ आहेत, उडणे आणि पडणे. पंखाला ‘पतत्र’ म्हणतात ते याच धातूवरून आणि ‘पतन’ही त्याच्यावरूनच. पतंग चढताना आणि गोता खाताना ज्याने पाहिला आहे त्याला हे दोन अर्थ एका धातूत कसे मावले याचे नवल वाटणार नाही. संस्कृतात ‘पतंग’ पक्ष्यालाही म्हणत, सूर्यालाही; मराठीत दिव्यावर झेप घेणारा किडाही पतंगच. कागदी पतंगाला मराठीत ‘वावडी’ असा जुना शब्द आहे. तो आता खेळातून जवळजवळ गेला आणि बोलण्यात राहिला : बिनबुडाच्या बातम्या पसरल्या की ‘वावड्या उठतात’.

इतर भाषांनीही या वस्तूला नावे दिली ती बहुधा वर पाहतच दिली असावीत. इंग्रजीत पतंगाचे नाव ‘काइट’, म्हणजे घार. जर्मनमध्ये तो ‘ड्राखन’, म्हणजे आगओक्या सर्पासारखा ड्रॅगन. स्पॅनिशमध्ये ‘कोमेता’, म्हणजे धूमकेतू. मेक्सिकोत ‘पापालोते’ म्हणतात. हा तिथल्या नाहुआत्ल भाषेतला फुलपाखराचा शब्द. चिनी ‘फंगझंग’ या नावात वारा आणि एक तंतुवाद्य आहे. यांपैकी एकाही नावात कागद नाही, कामट्या नाहीत. पहिल्यांदा पतंग पाहणारे मूल ‘हा कोण?’ असे विचारते तेव्हा ते याहून वेगळे काही करत नसते.

दिसणे आणि वाटणे

पतंग पाहणारे मूल जवळून न्याहाळावे. डोके इतके मागे जाते की तोंड आपोआप उघडते. एक हात उन्हासाठी कपाळावर आडवा धरलेला असतो. दुसरा त्याच्या नकळत हलत असतो. पतंग उजवीकडे कलला की खांदाही उजवीकडे झुकतो, पतंगाने गोता खाल्ला की गुडघे वाकतात, तो जमिनीपासून चार हातांवर सावरला की रोखलेला श्वास सुटतो. दोरा दुसऱ्याच्याच हातात असतो. पण पतंग सावरला तो आपल्यामुळे, याबद्दल त्या वयात फारशी शंका नसते.

मोकळ्या आकाशात अंतर ओळखायला मध्ये झाड, भिंत, माणूस असे काही नसते. त्यामुळे पतंग किती उंच आहे हे मोठ्यांनाही नीट सांगता येत नाही. 60 सेंटिमीटर रुंदीचा पतंग डोळ्यांपासून सुमारे 70 मीटरवर गेला की पूर्ण चंद्राएवढा दिसतो. दिवसा उगवलेल्या चंद्राशेजारी असा पतंग आला तर ‘चंद्राला लागला’ हे मुलाचे म्हणणे निव्वळ लाडिक नसते. डोळ्यांनी दिलेल्या माहितीवरून काढलेला तो बरा निष्कर्ष असतो.

शरीरही या कल्पनेला हातभार लावते. तोल सांभाळणारे इंद्रिय अंतर्कर्णात असते आणि मान बरीच मागे टाकली की त्याचे काम अवघड होते. उभ्या माणसाचा तोल किंचित डळमळतो. त्यातच पतंगामागून ढग सरकत असतील तर ढग थांबलेत आणि आपणच सरकतो आहोत असा भास होऊ शकतो. पुलावरून खालच्या वाहत्या पाण्याकडे टक लावली की पूल चालू लागतो, त्यातला हा प्रकार. गवतावर उताणे पडून पतंग पाहणारे मूल ‘मी हलतोय’ म्हणते तेव्हा त्याला तसे खरोखरच जाणवत असते. उड्डाणकल्पनेचा एक पाय असा थेट संवेदनेत रोवलेला आहे.

पतंग जिवंत का वाटतो

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (1896–1980) यांनी मुलांना सूर्य, वारा, ढग, सायकल यांच्याविषयी प्रश्न विचारून ‘जिवंत’ या शब्दाचा त्यांच्या लेखी अर्थ काय, हे शोधले. त्यांच्या मांडणीनुसार सुरुवातीला काहीतरी काम करणारी कोणतीही वस्तू मुलाला सजीव वाटते. पुढे फक्त हलणारी, त्यानंतर आपली आपण हलणारी आणि अखेरीस केवळ प्राणी व वनस्पती. पियाजेंनी ठरवलेली वये पुढच्या संशोधकांना जशीच्या तशी मान्य झाली नाहीत. मुलांना सजीव-निर्जीव भेद याहून लवकर कळतो असे दिसून आले. तरी ‘आपली आपण हलते का’ ही कसोटी लावून पाहिली तर पतंग मोठा अवघड नमुना ठरतो. त्याला वारा हलवतो, पण वारा दिसत नाही. दोरा दिसतो, पण तो तर त्याला धरून ठेवतो. मग हलवते कोण?

मोठेही या बाबतीत फार पुढे गेलेले नसतात. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी 1944 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ हलताना दाखवणारी छोटी चित्रफीत प्रौढांना दाखवली. जवळजवळ सर्वांनी तिचे वर्णन पाठलाग, दांडगाई, घाबरणे अशा शब्दांत केले. पतंग हाही आकाशात हलणारा एक चौकोनच. तो ‘हट्टी’ आहे, ‘रुसलाय’, ‘आता झोपला’ असे बोलताना मोठ्यांची जीभ अडखळत नाही. ‘झोपला’ला तर कारणही आहे : जमिनीलगतचा वारा घरे-झाडे यांना अडखळून गोंधळलेला असतो, वर तो सलग वाहतो. त्या थरात पोचेपर्यंत पतंग डोके आपटतो आणि पोचल्यावर शांत होतो.

दोरा सोडला तर?

पतंग पाहणारे मूल कधी ना कधी हा प्रश्न विचारतेच : दोरा सोडून दिला तर तो आणखी वर जाईल ना? तर्क बिनतोड आहे. दोरा खाली ओढतो हे उघड दिसते, तेव्हा ओढणारे गेले की वस्तू वर जायला हवी. पण पतंग वर राहतो तो वारा त्याच्यावर आदळून खाली वळतो म्हणून. आणि वारा आदळायचा तर पतंगाने वाऱ्यात तिरपे, जागच्या जागी उभे राहायला हवे. ते उभे राहणे दोऱ्यामुळे होते. तिरपेपणा ठरतो कन्नीने, म्हणजे पतंगाच्या कामट्यांना दोन ठिकाणी बांधून पुढे एका गाठीत आणलेल्या दोऱ्याने. ही गाठ बोटभर सरकली तरी पतंगाचा स्वभाव बदलतो. दोरा तुटला की पतंग वाऱ्याबरोबरच वाहू लागतो, त्याच्यापुरता वारा उरतच नाही आणि तो गिरक्या घेत खाली येतो. हे समजावून सांगितले तरी मुलाला पटत नाही. कटलेला पतंग पाहिल्यावर पटते आणि तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न : मला उचलायला केवढा पतंग लागेल? याचे उत्तर ढोबळ हिशेबाने देता येते. ताशी 18 किलोमीटर वाऱ्यात एका चौरस मीटर पतंगावर साधारण दीड किलो वजनाएवढा जोर येतो. 20 किलोच्या मुलासाठी निदान 13 चौरस मीटर, म्हणजे साडेतीन मीटर लांबी-रुंदीच्या खोलीच्या छताहून थोडा मोठा पतंग हवा. त्याचे स्वतःचे वजन वेगळे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो आणि पतंग तेवढाच लहान चालतो. याच कारणाने मोठे पतंग धोक्याचे असतात : झुळकीने वाऱ्याचा वेग बदलतो आणि दोरा हाताला गुंडाळलेला असेल तर सोडायला वेळ मिळत नाही. काच लावलेला आणि नायलॉनचा मांजा माणसांच्या गळ्यांना व पक्ष्यांच्या पंखांना कापतो, विजेच्या तारा जवळ असतात, वर पाहत मागे सरकणाऱ्याला गच्चीचा कठडा दिसत नाही. पतंगाच्या आनंदाविषयी लिहिताना हे वगळणे बरोबर होणार नाही.

खेळ

पाहून झाले की मूल उडू लागते, अर्थात जमिनीवरून. हात पसरून, अंग तिरपे करून धावायचे, वळताना एक हात खाली. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी मुलाच्या काठीच्या घोड्याचे उदाहरण देऊन म्हटले होते की कल्पनेला सुरुवातीला हातात धरायला एक खरी वस्तू लागते. इथे ती वस्तू दोरा. नुसता दोरा हातात दिला, वर पतंग नसला, तरी मूल तो ताणून धरून मान वर करते. आणि खरा, चढलेल्या पतंगाचा दोरा क्षणभर हातात आला तर काय होते ते एकदा पाहावे : ओढ लागताच मूल दचकते, लगेच हसते आणि दोरा परत देत नाही. डोळ्यांना जे लांब, लहान आणि शांत दिसत होते ते हाताला जवळचे आणि जोरकस लागते. वरून कोणीतरी खेचते आहे, हे त्याला नव्याने कळते.

मुलाच्या कल्पनेतून विमानाकडे

बेंजामिन फ्रँकलिन यांचा ढगांतली वीज तपासणारा 1752 मधला पतंग सर्वांना माहीत असतो. त्यांच्या लहानपणचा पतंग त्याहून गमतीचा आहे. पुढे एका पत्रात त्यांनी सांगितले आहे की पोहण्याची हौस होती आणि पतंगही सोडवत नव्हता, म्हणून दोऱ्याची काठी हातात धरून ते तळ्यात उताणे पडले. पतंगाने त्यांना सुमारे मैलभर रुंदीच्या त्या तळ्यापलीकडे ओढत नेले. कपडे दुसऱ्या मुलाने काठाकाठाने नेऊन पोचवले. पतंग मला नेईल का, या प्रश्नाला एका मुलाने काढलेले हे उत्तर.

उड्डाणाचे प्रयोग करणारे लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी 12 नोव्हेंबर 1894 रोजी ऑस्ट्रेलियातील स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर चार पेटी-पतंगांना (पोकळ पेटीच्या आकाराच्या पतंगांना) स्वतःला टांगून घेतले आणि ते सुमारे पाच मीटर वर गेले. राइट बंधूंची सुरुवातही पतंगापासून झाली. 1899 मध्ये डेटन गावी विल्बर राइट यांनी दीड मीटर लांबीच्या दुहेरी पंखांचा पतंग उडवला; दोन्ही हातांतल्या काठ्यांना बांधलेल्या दोऱ्यांनी पंखांना पीळ देऊन तो वळवता येतो का, हे पाहायचे होते. प्रेक्षक म्हणून काही लहान मुले होती. मध्येच पतंग इतक्या वेगाने खाली आला की पळायला वेळ नव्हता. मुले पालथी पडली. चार वर्षांनी, 17 डिसेंबर 1903 रोजी उडालेले विमान याच पंख पिळण्याच्या युक्तीने सांभाळले गेले. त्या विमानाच्या आजोबांनी प्रथम ज्यांच्या अंगावर झेप घेतली ती पतंग बघायला जमलेली पोरे होती.

फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगालो या दांपत्याने 1948 मध्ये बिनकामट्यांच्या लवचिक पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचा सुरुवातीचा एक पतंग स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडाचा होता. त्या पंखातून पुढे हँग ग्लायडर आला. त्यात माणूस पोटावर आडवा होऊन उडतो, अंग कलते करून वळतो. हात पसरून धावणारे मूलही नेमके असेच वळत असते.

चिठ्ठी

पतंग स्थिर झाल्यावर मुले एक खेळ करतात. कागदाच्या तुकड्याला मध्ये भोक, भोकापर्यंत एक चीर. तो दोऱ्यात अडकवायचा आणि सोडून द्यायचा. वारा त्याला ढकलत वर नेतो. कागद आधी घुटमळतो, दोऱ्याच्या झोळात अडतो, झुळूक आली की पुन्हा चढतो. अक्षरओळख नसलेले मूल त्यावर रेघोट्या ओढते, काय लिहिले म्हणून विचारले तर सांगत नाही. चिठ्ठी कन्नीच्या गाठीशी पोचते, थांबते आणि पतंग उतरवेपर्यंत तिथेच फडफडत राहते.