सेरेंडिपिटी

शोधत नसलेली मोलाची गोष्ट योगायोगाने समोर येणे आणि तिचे मोल ओळखता येणे, म्हणजे सेरेंडिपिटी. इंग्रज लेखक होरेस वॉलपोल याने २८ जानेवारी १७५४ रोजी फ्लॉरेन्समधील मित्र होरेस मान याला लिहिलेल्या पत्रात हा शब्द घडवला. सेरेंडिप हे श्रीलंकेचे जुने अरबी-फारसी नाव. त्याचे मूळ ‘सिंहलद्वीप’ मानतात.

वॉलपोलच्या डोक्यात तीन सेरेंडिपी राजपुत्रांची कथा होती. ती १५५७ मध्ये व्हेनिसला इटालियनमध्ये छापली गेली. पण तिच्यातला उंटाचा प्रसंग त्याआधी दिल्लीच्या अमीर खुसरोने ‘हश्त बिहिश्त’ या फारसी काव्यात रंगवला होता. वाटेच्या एकाच बाजूचे गवत खाल्लेले दिसते, त्यावरून राजपुत्र ताडतात की हरवलेला उंट एका डोळ्याने आंधळा आहे. फरफटलेल्या पावलावरून तो लंगडा ठरतो. इतकी बिनचूक माहिती ऐकून उंटाच्या मालकाला तेच चोर वाटतात! वॉलपोलला मात्र उंटाच्या जागी खेचर आठवले. खरे तर या प्रसंगात योगायोगापेक्षा तर्कच जास्त आहे.

पत्रे १८३३ मध्ये छापली जाईपर्यंत शब्द जवळजवळ अज्ञात होता. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी तो उचलला. ॲलेक्झांडर फ्लेमिंगच्या जिवाणू वाढवायच्या बशीत १९२८ मध्ये उगवलेली बुरशी हे त्याचे ठरीव उदाहरण. अशा बशा सहसा धुऊन टाकल्या जातात. फ्लेमिंगने बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळलेले पाहिले, आणि त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला. चार्ल्स गुडइयरचे रबर मात्र काटेकोरपणे यात बसत नाही: गंधक मिसळलेले रबर चुकून तापले खरे, पण रबर टिकाऊ करण्यामागे तो कित्येक वर्षे लागलाच होता. शोधत असलेली वस्तू सापडली तर ती यात धरायची नाही, असे वॉलपोलनेच बजावले आहे. आज कोणत्याही सुखद योगायोगाला हा शब्द लावतात. त्यात ओळखणारी नजर गळून पडते.

मराठीत नेमका प्रतिशब्द रुळलेला नाही. काकतालीय न्याय, किंवा कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडणे, यात नुसता योगायोग आहे. दोन डोळे मिळालेला आंधळाही बाद, कारण त्याने एक मागितला होता.

अजिंठ्याचे उदाहरणही तपासून घ्यावे. १८१९ मध्ये शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला लेणी दिसली, यात योगायोग आहे. स्थानिकांना ती ठाऊक होतीच. आणि नजरेचे म्हणाल, तर दहाव्या लेण्यातल्या चित्रावरच त्याने आपले नाव कोरून ठेवले आहे.