ऑब्च्युरेटर हर्निया

ओटीपोटाच्या तळाशी, कटीच्या हाडातल्या ऑब्च्युरेटर नलिकेत आतडे शिरल्याने होणारा दुर्मीळ अंतर्गळ. नलिका २ ते ३ सेंटिमीटर लांब व साधारण १ सेंटिमीटर रुंद असते. एरवी ती चरबीने भरलेली असते. वय आणि कुपोषणाने चरबी झडली की वाट मोकळी होते. म्हणून रुग्ण बहुधा सत्तरी ओलांडलेली, हाडकुळी, अनेक बाळंतपणे झालेली स्त्री असते. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा सिग्मॉइड भाग आडवा येत असल्याने हा हर्निया उजवीकडे अधिक आढळतो.

हर्निया म्हटले की गाठ शोधली जाते, आणि इथेच फसगत होते. हा हर्निया जांघेच्या स्नायूंखाली दडलेला असल्याने बाहेरून सहसा काहीच दिसत नाही. दिसते ती वेदना, तीही पोटापासून दूर. नलिकेतून जाणारी नस दाबली गेल्याने मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते. पाय मागे ताणला, बाहेर फाकवला किंवा आत वळवला की ती वाढते. गुडघा पोटाशी घेतला की कमी होते. हे हाउशिप-रॉम्बर्ग लक्षण. ते सर्वांत आढळत नाही. आढळले तरी संधिवात म्हणून सोडून देणे सोपे असते. नागपुरात ‘मेडिकल’च्या, म्हणजे १९४७ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत विदर्भासह छिंदवाडा-बालाघाटकडचे रुग्णही येतात. तिथे एखादी आजी ‘गुडघा दुखून राहिला’ म्हणाली, तर पोट फुगते का, उलट्या होतात का, हेही विचारायला हवे. अशा तक्रारी अधूनमधून येऊन आपोआप थांबत असतील, तर संशय अधिकच घ्यावा. पुष्कळदा आतड्याच्या भिंतीचा काही भागच अडकतो. त्यामुळे अडथळा अर्धवट राहतो आणि निदान लांबते.

आणखी एक खूण हॅनिंग्टन-किफ यांची: गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत, पण मांडीच्या आतल्या स्नायूंची नाहीशी. योनिमार्गे किंवा गुदमार्गे तपासताना कधी दुखरा फुगवटा बोटाला लागतो. खात्री सीटी स्कॅनने होते. पेक्टिनियस आणि ऑब्च्युरेटर एक्सटर्नस या स्नायूंमध्ये आतड्याचा वेटोळा स्पष्ट दिसतो. साध्या एक्स-रेत आतड्याचा अडथळा कळतो, कारण मात्र क्वचितच.

उपचार शस्त्रक्रियाच. अडकलेले आतडे सोडवून छिद्र टाक्यांनी किंवा जाळीने बंद करतात. काळे पडलेले आतडे कापावे लागते. हा हर्निया दोन्ही बाजूंना असू शकतो, त्यामुळे शल्यचिकित्सक दुसरी बाजूही पाहून घेतात.