धूर निघतो कधी?

आमची पेट्रोलवरची गाडी १७ वर्षांची आहे. १५ वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन पुढच्या ५ वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करून आणली आणि ‘अजून ठणठणीत आहे’ असं सगळ्यांना सांगत सुटले. मग एका सकाळी वॉचमन म्हणाला, “मॅडम, गाडी चालू केली की निळा धूर येतो.” लिफ्टपाशी उभे असलेले शेजारचे काका म्हणाले, “निळा कुठला? चांगला पिवळट आहे. इंजिन गेलं तुमचं. येईल त्या भावात काढून टाका.”

धूर एकच आणि रंग दोन. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं.

वॉचमन बसतो गेटपाशी. ऊन त्याच्या पाठीशी होतं आणि धुरामागे पार्किंगचा काळोख. काका आतून बाहेर पाहत होते, त्यांना तोच धूर गेटमधून येणाऱ्या तिरप्या उन्हावर दिसला. इंजिनात नको तिथे शिरलेलं ऑइल सगळं जळत नाही. बरंचसं वाफ होऊन निघतं आणि थंड झालं की त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात, मायक्रॉनच्या काही दशांशाएवढे. निळ्या प्रकाशलहरीची लांबी साधारण ०.४५ मायक्रॉन, लालची ०.६५. इतक्या बारीक कणांवरून निळा प्रकाश लालपेक्षा कितीतरी जास्त विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश काळ्या पार्श्वभूमीवर पाहिला तर धूर निळा दिसतो. धुरातून आरपार येणाऱ्या उजेडातला निळा मात्र वाटेतच गळालेला असतो, म्हणून उन्हाकडे तोंड करून पाहणाऱ्याला तोच धूर पिवळट किंवा तपकिरी वाटतो. देवघरातल्या उदबत्तीचा धूर आधी अंधाऱ्या कोपऱ्यासमोर आणि मग खिडकीसमोर धरून पाहा, हेच दिसेल.

जॉन टिंडलने १८६९ मध्ये काचेच्या नळीत वाफेचे कण तयार करून त्यावर प्रकाशझोत सोडला होता. सुरुवातीला ढग सुंदर निळा दिसला. कण मोठे होत गेले तसा तो पांढरा पडला. दोन वर्षांनी लॉर्ड रॅले यांनी त्यामागचं गणित मांडलं. आकाश निळं का, या प्रश्नाच्या उत्तराकडे नेणारा हा प्रयोग आपल्या पार्किंगमध्ये रोज सकाळी फुकट होतो. ऑइलचा धूर दाट झाला आणि थेंब एकमेकांना चिकटून मोठे झाले की तोही करडा-पांढरा दिसतो. म्हणजे नुसत्या रंगावर निदान करणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये.

पांढऱ्याचंही तसंच. पाण्याचे थेंब मोठे, सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून वाफ ढगासारखी पांढरी. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं, हे अनेकांना खरं वाटत नाही. पण पेट्रोलमधला हायड्रोजन कुठे तरी जाणारच. जानेवारीतल्या सकाळी सायलेन्सर थंड असतो, वाफ दिसते, नळीतून पाणी ठिबकतं आणि पाच-दहा मिनिटांत सगळं थांबतं. त्यात काही बिघाड नाही. इंजिन पुरतं तापल्यावरही पांढरा लोट चालूच असेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) वरचेवर भरावं लागत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालच्या पातळ सीलचा, संशय घ्यायचा. कूलंटचं पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. अशी गाडी ‘गॅरेजपर्यंत जाईल’ म्हणून चालवत नेऊ नका, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका.

काळा धूर म्हणजे कार्बनची काजळी. तिचे मूळ कणही फार बारीक, पण कार्बन प्रकाश विखुरण्याऐवजी गिळतो. १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एअर फिल्टर चोंदला किंवा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळू लागला की हे प्रमाण बिघडतं आणि अर्धवट जळलेल्या पेट्रोलची काजळी होते. तिन्ही रंगांत खिशाला सर्वांत स्वस्त बहुधा हाच.

माझा धूर निळा, म्हणजे गाडी ऑइल खातेय, एवढं कळलं. पण ते येतंय कुठून? सिलिंडरमध्ये ते वरून व्हॉल्व्हच्या (झडपेच्या) बाजूने येऊ शकतं किंवा खालून पिस्टनच्या रिंगांमधून. पहिल्यात व्हॉल्व्ह सील बदलून भागतं, दुसऱ्यात इंजिन उतरवून खोलावं लागतं. आणि इथे रंग काहीच सांगत नाही. धूर कधी निघतो, ते सांगतं.

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या गॅरेजमधल्या पोराने पहिला प्रश्न तोच विचारला. “ताई, रात्रभर उभी राहिल्यावर येतो, की चढावर रेस दिल्यावर?” व्हॉल्व्हच्या दांडीवर रबराची इवलीशी टोपी असते, तेच सील. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते कडक होतं आणि रात्रभर वरचं ऑइल थेंबथेंब खाली झिरपतं. सकाळी चावी फिरवली की भक्कन एक लोट, मग साफ. रिंगा गेलेल्या असतील तर धूर असा लहरी नसतो. भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली न्यायचं काम ऑइल रिंगचं. ती झिजली किंवा काजळीने अडकून बसली की गाडीवर जोर पडेल तेव्हा धूर येतच राहतो.

मग आम्ही येऊरच्या डोंगरावर गेलो. चढताना गाडी साफ. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला. पेट्रोल इंजिनात असं केलं की थ्रॉटलची झडप जवळपास मिटते, पण पिस्टन हवा ओढतच असतात. आत दाब खूप कमी होतो आणि सैल सीलमधून ऑइल अक्षरशः चोखलं जातं. उपवनपाशी सपाटीला येऊन ॲक्सिलरेटर दाबला. मागून बाइकवर येणाऱ्या गॅरेजच्या पोराने हात वर केला: आला, निळा! घोडबंदर रोडच्या सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघताना माझ्या मागचे लोक हॉर्न का वाजवायचे, त्याचाही उलगडा झाला. (डिझेल गाडीवर ही युक्ती भरवशाची नाही. बहुतेक डिझेल इंजिनांत हवा अशी कोंडून धरत नाहीत.)

तरी त्याने दोन खात्र्या केल्या. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं. तिथून धूर फुसफुसला नाही. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजलं, त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली असा अर्थ झाला असता. पहिला आकडाच चांगला होता आणि नंतरही फारसा हलला नाही. म्हणजे सीलच.

एक गोष्ट सांगायची राहिली. या सगळ्या काळात गाडी पीयूसीत पास होत होती. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, तेही तापलेल्या इंजिनवर. सकाळचा तो पहिला लोट कुणी पाहतच नाही. ऑइलमधला फॉस्फरस मात्र दर लोटागणिक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागावर) बसत राहतो आणि कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो. आणि धूर तपासायचा तो उघड्यावरच, बेसमेंटमध्ये नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

सील बदलून आता वर्ष होईल. डिपस्टिकवरची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये जवळजवळ हलत नाही. जानेवारीत एका सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघाली आणि काका लिफ्टमधून बाहेर पडता पडता म्हणाले, “बघा, पुन्हा!” मी गाडी गेटबाहेर घेतली आणि नळीपुढे स्टीलचं ताट धरलं. त्यावर दव धरलं. काकांनी बोट फिरवून पाहिलं, हुंगलं, आणि विचारलं, “मग पिवळा कुठे गेला?”