क्रोम आणि स्टील: जुन्या गाडीच्या पट्ट्यांची नेहमीची गल्लत

पावसाळा सरला की म्हापशापासून मडगावपर्यंतच्या अंगणांत जुन्या अँबेसेडर आणि पद्मिनी ताडपत्रीखालून बाहेर येतात, आणि मालकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘क्रोम काळवंडले आहे, बफिंग करून (चाकावर घासून चकाकी आणून) मिळेल का?’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण गाडीवर जे जे चकाकते त्या सगळ्यालाच क्रोम म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे आणि त्यातले बरेचसे भाग क्रोमचे नसतातच.

स्टेनलेस स्टील काय असते हे स्वयंपाकघरातल्या डब्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. आतबाहेर एकच धातू. त्यातही किमान १०.५ टक्के क्रोमियम असते, पण ते धातूत मिसळलेले असते. क्रोम म्हणजे मात्र मुलामा. बंपर असतो लोखंडी पत्र्याचा, दाराच्या मुठी आणि नावाची अक्षरे बहुधा ओतीव जस्ताच्या मिश्रधातूची. चांगल्या कामात त्यावर आधी तांब्याचा थर, मग निकेलचा, आणि सर्वांत वर क्रोमियमचा थर चढवतात, जो साधारणपणे अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस बहुधा पन्नास मायक्रॉनहून जाड असतो, यावरून काय ते समजावे. जुनी माणसे याला कल्हईची उपमा देतात. ती इथवर योग्य आहे. पण कल्हई भट्टीवर तापवून कथील फासले की पुन्हा चढते, तर क्रोमसाठी जुने थर उतरवून सगळे काम रसायनांच्या टाक्यांमध्ये पहिल्यापासून करावे लागते.

सगळा फरक या पातळपणात आहे. स्टीलच्या पट्टीला पोचा आला तर मागून लहान हातोडीने ठोकून तो उठवता येतो, कानस फिरवता येते, ४०० पासून १२०० नंबरपर्यंत पॉलिश पेपर घासून शेवटी कापडी चाकावर ती आरशासारखी करता येते, कारण कितीही घासले तरी खाली तोच धातू असतो. हीच कृती बंपरवर केली तर आधी निकेलची पिवळसर झाक दिसते, मग तांब्याची लाली, आणि मग लोखंड. माझ्या बंपरचा उजवा कोपरा एका पॉलिशवाल्याने अशाच उत्साहात तांब्यापर्यंत नेला होता, आणि वर ‘आता सोनेरी दिसतो’ असे समाधानही दिले होते.

मग ओळखायचे कसे? ‘लोहचुंबक लावा, चिकटले तर क्रोम’ हा सल्ला ऐकून माझे कान किटले आहेत, कारण तो चुकीचा आहे. गाड्यांच्या पट्ट्यांना अनेकदा ४३० जातीचे स्टेनलेस वापरतात आणि त्याला चुंबक व्यवस्थित चिकटतो. उलट जस्ताच्या किंवा पितळेच्या भागावरच्या क्रोमला तो सहसा चिकटत नाही. पट्टी काढून उलटी करणे हाच खरा उपाय. स्टीलची मागची बाजू त्याच रुपेरी धातूची, फक्त निस्तेज असते. मुलाम्याच्या पत्र्यामागे तांबेरा किंवा रंग दिसतो. ओतीव भाग जाड, करडा आणि हाताला जड लागतो. गाडीवरच पाहायचे झाल्यास उन्हात क्रोमची छटा निळसर दिसते, स्टीलची किंचित पिवळट.

समुद्राकाठच्या गावांत आणखी एक फसगत होते. खाऱ्या वाऱ्याने स्टीलवरही चहाच्या रंगाचे डाग पडतात आणि ‘गंजले म्हणजे क्रोमच’ असा निष्कर्ष निघतो. डागावरून नख फिरवावे. स्टीलवरचा डाग वर बसलेला असल्याने नख सरळ घसरते, आणि साबणपाण्याने व धातूच्या पॉलिशने तो निघून जातो. क्रोमवरचा गंज सूक्ष्म छिद्रांतून, खालच्या लोखंडातून वर आलेला असतो, म्हणून नख अडते. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासल्यास तांबूस भुकटी जाते, छिद्र मात्र राहते. त्यावर मेण लावून काम पुढे ढकलावे किंवा प्लेटिंगला, म्हणजे नव्याने मुलामा चढवायला, द्यावे. जस्तावर तांबेरा येत नाही, बारीक फोड येतात, आणि ते पॉलिशने जात नाहीत. भांड्यांची तारेची घासणी मात्र स्टीलच्या पट्टीला कधीही लावू नये. तिचे लोखंडी कण धातूत रुतून नंतर गंजतात.

अ‍ॅनोडाइज केलेले (विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा संरक्षक थर आणलेले) अ‍ॅल्युमिनियम हा तिसरा प्रकार वजनाने इतका हलका असतो की त्याबाबत गोंधळाचे कारण नाही. त्यालाही वरच्या थरासकट घासू नये, एवढे पुरे.

काढताना क्रोम आणि स्टील दोघांचीही रीत जवळपास एकच. रंगावर मास्किंग टेप लावून, प्लास्टिकच्या किंवा बांबूच्या पाचरीने एकेक क्लिप सोडवत जावे. एका टोकाला स्क्रू-ड्रायव्हर घालून ओढल्यास स्टीलच्या पट्टीला घडी पडते आणि घडी सहसा पूर्ण जात नाही. दाराच्या आतून नट असतील तर रात्रभर तेल सोडून ठेवावे, कारण ओतीव भागाचे खुंट पिळले की तुटतात. परत बसवण्याआधी क्लिपांच्या भोकांना प्रायमर आणि मेण लावणे आता मी कधीच टाळत नाही. पहिल्या वेळी ते टाळले होते, आणि दोन पावसाळ्यांत त्या झकपक पट्टीखालचा रंग नेमका त्या भोकांभोवती फुगून आला.