पार्श्वभूमी : तुटवडा जुन्या चिपचा, पैसा नव्या चिपला

चिपच्या पुरवठ्यातला कच्चा दुवा पहिल्यांदा ठळक दिसला तो चिपभोवतीच्या काळ्या आवरणात. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा इथला इपॉक्सी राळेचा कारखाना स्फोटाने बंद पडला. या आवरणासाठी जगाला लागणारी निम्म्याहून जास्त राळ तिथेच तयार व्हायची. मेमरी चिपचे भाव कडाडले. पुढे १९९९ चा तैवानचा भूकंप आला, २०११ ची त्सुनामी आली. दर वेळी चर्चा झाली आणि विरली.

२०२० च्या वसंतात गाड्यांची विक्री बसली, म्हणून वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या. मोकळी झालेली क्षमता लॅपटॉप आणि फोनवाल्यांनी घेतली. वर्षअखेर वाहन कंपन्या परतल्या तेव्हा रांग लागलेली होती, आणि कोरी वेफर (सिलिकनची पातळ चकती, जिच्यावर चिप घडवतात) कारखान्यात गेल्यापासून तयार चिप हाती येईपर्यंत तीनेक महिने जातात. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या थंडीत वीज गेली आणि तिथले चिप कारखाने थांबले. १९ मार्चला पहाटे जपानमधल्या नाका इथल्या चिप कारखान्यात मुलामा देणाऱ्या एका यंत्राने पेट घेतला. उत्पादन सुरू व्हायलाच महिना गेला.

गाड्या अडल्या त्या बहुतांशी ४० नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या चिपवाचून. इथे ‘नॅनोमीटर’ या शब्दाने फार गोंधळ घातला आहे. एके काळी तो ट्रान्झिस्टरच्या (चिपमधल्या सूक्ष्म स्विचच्या) गेटची, म्हणजे तो चालू-बंद करणाऱ्या भागाची, खरी लांबी सांगायचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते पिढीचं नाव झालंय : आकडा छोटा, तेवढी पिढी नवी. ‘३ नॅनोमीटर’च्या चिपमध्ये शेजारच्या दोन गेटमधलं अंतर ४० नॅनोमीटरहून जास्त असतं. तरी धोरणं याच आकड्यावर उभी राहिली. चिप कारखान्यांना अनुदान देणाऱ्या ऑगस्ट २०२२ च्या अमेरिकी कायद्याने ‘जुनी’ चिप ठरवताना २८ नॅनोमीटरची रेघ मारली. अमेरिकेने ऑक्टोबरमध्ये चीनवर घातलेल्या निर्यातबंदीत १६/१४ ची रेघ आली. नुसत्या आकड्यावर भागेना, म्हणून ट्रान्झिस्टरची रचनाही लिहावी लागली.

छोटा आकडा म्हणजे महत्त्वाची चिप, हा समज मात्र पक्का झाला. त्या कायद्यात कारखान्यांसाठी ३९ अब्ज डॉलर होते. त्यातले जुन्या पिढ्यांसाठी राखीव फक्त २ अब्ज. ज्या चिपवाचून गाड्यांचे कारखाने थांबले, तिच्या वाट्याला एवढंच यावं हे पटत नाही.

कच्च्या मालाची गोष्ट तर या आकड्यांच्या बाहेरच राहिली. ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियम या चिपसाठी लागणाऱ्या मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइनच्या खाणी चक्रीवादळाच्या पुराने बंद पडल्या. सिलिकन वितळवण्याच्या मुशींना लागणारं अतिशुद्ध क्वार्ट्झ मुख्यतः तिथूनच येतं, मग चिप जुनी असो की नवी.